लिब्रेऑफिसचा बिल्ड रोज नव्या जागी मोडतो? शेवटची ओळ वाचू नका

लक्षण असं. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, तयारी करणारं ऑटोजेन बिनतक्रार पार पडलं, कोडपासून प्रोग्राम बनवणारं, म्हणजेच बिल्ड करणारं, मेक लावलं. दोन-तीन तास पंखा घरघरतो आणि मग बिल्ड मोडतो. पुन्हा मेक लावलं की कालची जागा ओलांडून पुढे जातो आणि भलत्याच फाइलवर आपटतो. काल राइटर या लेखनाच्या भागात, आज कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये, उद्या अशा मॉड्यूलमध्ये ज्याचं नावही कधी ऐकलेलं नाही. चौथ्या दिवशी माणूस "आपल्याला सी प्लस प्लस झेपणारं नाही" म्हणतो आणि चाळीस जीबीचं फोल्डर उडवून मोकळा होतो.

सी प्लस प्लसचा इथे काही संबंध नाही. एकही ओळ लिहिण्याआधीच्या या खड्ड्यात मी स्वतः दोनदा पडलोय, आणि ज्या ज्या पोरांना या कामात ओढायचा प्रयत्न केला त्यांतली बरीचशी इथेच गळाली. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फोनवर तासभर बोलायला नको. मी उबुंटूवर काम करतो. विंडोजवरही बिल्ड होतो, पण त्याला व्हिज्युअल स्टुडिओ लागतो आणि त्यातलं मला विचारू नका. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

खरी चूक वर असते

मेक एका वेळी एकच काम करत नाही. आठ कोअर असतील तर आठ फाइली एकदम चुलीवर असतात. त्यातली एक करपली तरी बाकीच्या सात तिथल्या तिथे थांबत नाहीत. हातातलं संपवतात आणि तोवर आपापली बडबड स्क्रीनवर ओततात. त्यामुळे खरी चूक शे-दीडशे ओळी वर निघून गेलेली असते. तळाशी उरते ती "एरर १" किंवा "एरर २" अशी ओळ. तिच्यावरून एवढंच कळतं की काहीतरी बिघडलं. आणि लोक नेमका तिचाच फोटो काढून पाठवतात.

बिल्ड मोडला की दोनपैकी एक करा. एक तर सगळं आउटपुट टी कमांडने फाइलमध्ये घ्या आणि त्या फाइलमध्ये वरून खाली "एरर" शोधा. पुढे कोलन लावून शोधा, नाहीतर ज्यांच्या नावातच एरर आहे अशा फाइली सापडत राहतील. पहिला जो सापडेल तो आपला. किंवा मोडल्यावर लगेच, एका वेळी एकच काम अशा सक्तीने, मेक पुन्हा लावा. आता मध्ये बोलणारं कुणी नसतं, तीच फाइल पुन्हा करपते आणि चूक शेवटच्या पाच-दहा ओळींत दिसते.

पण ही दुसरी युक्ती केली आणि बिल्ड मोडलाच नाही तर? मुकाट पुढे गेला तर? तर तेही उत्तरच आहे, कारण दोष कोडचा नाही, रॅमचा आहे.

रॅम

वर जाऊन बघितलंत तर तिथे सीसी-वन-प्लस नावाच्या प्रोग्रामशेजारी "किल्ड" असा शब्द दिसेल. हा सीसी-वन-प्लस म्हणजे जीसीसीचा सी प्लस प्लस कंपायलर, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. त्याला कुणी मारलं? कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस शोधतो आणि तिला ठार करतो, म्हणजे बाकीचं मशीन जगतं. डीमेसेज कमांड मारून शेवटच्या ओळी बघा, "आउट ऑफ मेमरी" अशी नोंद प्रोसेसच्या नावासकट असेल.

बिल्ड रोज वेगळ्या जागी का मोडतो त्याचा उलगडाही इथेच होतो. कुठल्या क्षणी कुठल्या आठ फाइली एकत्र आल्या यावर सगळं अवलंबून. आठ लहान फाइली आल्या तर काही होत नाही. तीन दांडगट एकदम आले, वर फायरफॉक्सचे वीस टॅब उघडे असले, की एकाचा बळी जातो. बळी कुणाचा, ते दर वेळी वेगळं.

उपाय ऑटोजेन डॉट इनपुट या फाइलमध्ये आहे. सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ती आपणच बनवायची. एका ओळीत एक पर्याय. त्यात विथ-पॅरललिझम चार किंवा दोन असं द्या. माझा हिशोब साधा आहे: दर कामाला दोन जीबी धरायचे. ८ जीबीच्या लॅपटॉपवर चारपेक्षा जास्त नाही, आणि ब्राउझर उघडा ठेवायचा असेल तर तीन. वेळ वाढतो हे खरं, पण सकाळी उठल्यावर मेलेला बिल्ड बघण्यापेक्षा हळू चालणारा बरा.

लिंकिंगचं दुखणं जरा निराळं. कंपायलरने बनवलेल्या शेकडो ऑब्जेक्ट फाइली जोडून राइटरची एक लायब्ररी बनते, आणि डीबगची, म्हणजे चूक शोधायला लागणारी, सगळी माहिती बरोबर घेतली तर त्या एका पायरीलाच काही जीबी लागतात. नवीन माणूस कुठेतरी वाचतो की डेव्हलपरने एनेबल-डीबीजीयूटिल घेऊनच बिल्ड करावा, आणि ८ जीबीच्या मशीनवर तोच घेतो. सल्ला चुकीचा नाही, पण ही माहिती मागणाऱ्या एनेबल-सिम्बल्सला मॉड्यूलची यादी देता येते हे त्याला कुणी सांगत नाही. कॅल्कमध्ये काम करायचंय तर सिम्बल्स फक्त एससीचे, म्हणजे कॅल्कच्या मॉड्यूलचे, घ्या. शिवाय एनेबल-एलडी देऊन एलएलडी हा लिंकर निवडा, जुन्या लिंकरपेक्षा तो खूपच चपळ आहे. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा, असू द्या, पण स्वॅपच्या भरवशावर बसू नका. जुन्या हार्ड डिस्कवर स्वॅप सुरू झाला की माउसचा बाण हलायलाही अर्धा मिनिट लागतो.

लाइट

हे कारण मला कुठल्याच मार्गदर्शनात सापडलं नव्हतं. ते लिहिणाऱ्यांच्या गावात बहुधा लाइट जात नसावी.

मेमधली गोष्ट. आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून दोन-तीनदा लाइट जातेच. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवे. डेस्कटॉप भिंतीतल्या प्लगवर. बिल्ड चालू असताना लाइट गेली, आली, मी मेक पुन्हा लावलं. मेक गुणी असतं, झालेलं काम पुन्हा करत नाही, त्यामुळे पंधरा मिनिटं सगळं सुरळीत. मग लिंकर ओरडला: अमुक डॉट ओ फाइल ओळखता येत नाही, फाइल ट्रंकेटेड आहे. ती एक फाइल उडवली, मेक लावलं, ती नव्याने बनली. पुढच्या लायब्ररीला दुसरी फाइल. ती उडवली, मग तिसरी. दुपारभर मी हाच उंदीर-मांजराचा खेळ खेळत होतो. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मोडकंच आहे तर दुकानात का नाही देत?"

शेवटी एक फाइल उघडून बघायची बुद्धी झाली. आकार शून्य बाइट. लाइट जाण्याच्या क्षणी कंपायलरने फाइल "लिहिली" होती खरी, पण डिस्कवर तिचं नाव आणि वेळ एवढंच पोचलं होतं. मजकूर अजून मेमरीतच होता, तो लाइटीबरोबर गेला. आणि मेक फाइलच्या आत डोकावत नाही, फक्त वेळ बघतं. ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी आहे ना? मग झालं काम.

एकेक फाइल मारत बसू नका. बिल्डचं मधलं साहित्य साठतं त्या वर्कडिर या फोल्डरात फाइंड कमांडने नावाच्या शेवटी डॉट ओ असलेल्या आणि एम्प्टी असलेल्या सगळ्या फाइली एका फटक्यात उडवा. डॉट ओ ही अट विसरू नका. वर्कडिरमध्ये निव्वळ खूण म्हणून ठेवलेल्या शून्य बाइटच्या फाइलीही असतात, त्या गेल्या तर काम विनाकारण दुबार होईल. लिंकरऐवजी मेक स्वतःच "मिसिंग सेपरेटर" म्हणून थांबलं तर अर्धवट राहिलेली डॉट डी फाइल शोधा. कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे याची यादी तिच्यात असते. मेक ती वाचतं आणि तिथे कचरा सापडला की बिथरतं. एकाच मॉड्यूलमध्ये फार घाण झाली असेल तर मॉड्यूलच्या नावापुढे डॉट क्लीन लावून तेवढंच साफ करा. सगळंच साफ करून पहिल्यापासून सुरुवात ही अगदी शेवटची पायरी.

सोर्स उतरवणाऱ्या आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटलाही हाच रोग होतो. लाइट जाताना गिट पुल चालू असेल तर नंतर "ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी" असं येतं. तुमचे स्वतःचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, त्यात असतील तर आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. मग डॉट गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरातल्या रिकाम्या फाइली उडवा आणि गिट फेच करा. जे सर्व्हरवर आहे ते परत येतं.

त्यानंतर मी छोटा यूपीएस घेतला. बिल्ड संपेपर्यंत तो टिकत नाही, पण मशीन नीट बंद करण्याएवढी दहा मिनिटं देतो, आणि तेवढी पुरतात.

किरकोळ, पण वारंवार येणारं

ऑटोजेनच्याही आधी, अवलंबून असलेली पॅकेजं आणताना "डेब-एसआरसी" नाही अशी तक्रार आली तर सॉफ्टवेअरच्या सोर्सची नोंद चालू करा, उबुंटू २४.०४ पासून ती उबुंटू डॉट सोर्सेस या फाइलमध्ये टाइप्सच्या ओळीत जाते. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून बिल्ड करू नका. केलात तर मेकफाइल स्वतःच थांबवते आणि "ही फार वाईट कल्पना आहे" अशा अर्थाचं सुनावते. सुडो लावून प्रश्न सुटतो या समजुतीला हे उत्तर मला फार आवडतं. फोल्डरच्या मार्गात कुठेही रिकामी जागा नको. एकाने सगळा सोर्स "न्यू फोल्डर" नावाच्या फोल्डरात ठेवला होता, आणि मेकच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द.

बाहेरच्या लायब्रऱ्या पहिल्या बिल्डच्या वेळी उतरतात. नेट मध्येच तुटलं तर फाइल पूर्ण आहे का ते तपासणारा आकडा, चेकसम, जुळत नाही. ती अर्धवट फाइल उडवा आणि मेक फेच पुन्हा चालवा. विथ-एक्स्टर्नल-टार देऊन या फाइली सोर्सच्या बाहेर ठेवल्यात तर फोल्डर उडवायची वेळ आली तरी पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत. मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्याने हे आधी करावं. भाषांतरं, मदतीची पानं आणि शब्दकोश हे गिटचे सबमॉड्यूल आहेत. नुसतं गिट पुल केलं तर ते मागे राहू शकतात; सोबत मिळणारी जी नावाची छोटी स्क्रिप्ट वापरून पुल करा. आणि आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं सीकॅश बसवाच. मूळ मर्यादा ५ जीबीची असते, डीबग बिल्डला ती अपुरी पडते, २० करा. माझा पहिला बिल्ड रात्री दहाला लावला तो सकाळी साडेसातला झाला होता; सीकॅश भरल्यानंतर साफ करून केलेला दुसरा बिल्ड जेवण आणि वामकुक्षी एवढ्यात आटोपला.

बिल्ड झाला, पण शेवटी टेस्ट पडली

हे वेगळं ओळखा. लिनक्सवर नुसतं मेक म्हटलं की ते बिल्डबरोबर टेस्टही चालवतं. "अ युनिट टेस्ट फेल्ड" असं दिसलं तर खुश व्हा, कारण कोड बनून तयार आहे. त्याच संदेशात खाली लिहिलेलं असतं की हीच एक टेस्ट पुन्हा कशी चालवायची आणि ती जीडीबी या डीबगरमध्ये कशी उघडायची. इतका उपयोगी एररचा संदेश मी दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात पाहिलेला नाही, आणि तोही लोक वाचत नाहीत. तुम्ही कोडला हातच लावलेला नसताना पानाच्या मांडणीची टेस्ट पडली तर मशीनवर अपेक्षित फॉन्ट नसण्याची शक्यता मोठी: अक्षराची रुंदी बदलली, ओळ बदलली, पान बदललं. तूर्त बिल्ड-नोचेक असं लक्ष्य देऊन मेक चालवा आणि तयार बिल्ड जिथे पडतो त्या इन्स्टडिरच्या प्रोग्राम फोल्डरातून सॉफिस उघडा. समोर जो राइटर उघडेल तो तुम्ही स्वतः रांधलेला.

आता बग

इथे दुसरी वारंवार येणारी तक्रार: "बिल्ड झाला, पुढे काय करू?" प्रकल्पाच्या तक्रारींची नोंद ठेवणाऱ्या बगझिलावर ईझीहॅक हा कीवर्ड लावून नवख्यांसाठी कामं वेगळी ठेवलेली आहेत आणि ती चांगली आहेत. पण माझं मत असं की पहिला बग स्वतःच्या घरातला घ्यावा. तो आपल्याला डोळे मिटूनही परत घडवता येतो, आणि कुणी "माझ्याकडे होत नाही" म्हटलं तर हार मानावी लागत नाही.

माझा असा आला. आमच्या वाचनालयातल्या काकू पुस्तकांची यादी कॅल्कमध्ये ठेवतात. एक दिवस त्यांनी बोलावून घेतलं. शोधाच्या खिडकीत "दुसऱ्या" टाइप केलं होतं आणि सापडत नाही असा निरोप खाली आला होता. चार ओळी वर तोच शब्द ढळढळीत दिसत होता. "अरे, मला चष्म्यातून दिसतंय, त्याला कसं दिसत नाही?"

पहिल्यांदा मला वाटलं प्रोफाइल बिघडलंय. बग कुठलाही असो, सुरुवात इथून करायची: मदतीच्या मेन्यूतून सेफ मोडमध्ये पुन्हा चालू करायचं, म्हणजे सेटिंग आणि एक्स्टेंशन बाजूला राहतात. तिथेही तेच. जुन्या आवृत्तीत? तेच. म्हणजे कुणी अलीकडे मोडलेलं नव्हतं. मोडलेलं असतं तर पुढची पायरी बायबिसेक्ट: तयार बिल्डांनी भरलेलं गिटचं भांडार उतरवायचं, चांगली बाजू आणि वाईट बाजू सांगायची आणि मधला मधला बिल्ड उघडून "चालतं", "चालत नाही" एवढंच म्हणत जायचं. हजार बिल्डांतला गुन्हेगार दहा फेऱ्यांत सापडतो, आणि त्यासाठी कोडची एक ओळही वाचता यायची गरज नाही. कंपाइल करायला मशीन कमी पडत असेल तर तुमच्यासाठी हे काम आहे. डेव्हलपर त्याची वाट बघत असतात. बगझिलावर बायबिसेक्टरिक्वेस्ट या कीवर्डखाली रांग लागलेली असते.

काकूंच्या बाबतीत गोष्ट निराळी होती. त्या शब्दातल्या अक्षरानंतर कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबलं. २०१६ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीपासून ही सोय आहे: अक्षराच्या जागी त्याचा युनिकोडचा आकडा दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत. यादीतल्या शब्दात ०९३० होता, म्हणजे आपला साधा र. काकूंनी टाइप केलेल्यात ०९३१, म्हणजे ऱ.

मराठीतला हा अर्धा र, दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर यातला, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे (J) ही कळ दाबली की ऱ मिळतो, त्याला हलन्त लावून य जोडायचा: दुसऱ्या. दुसरी तऱ्हा म्हणजे र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा जोडक, मग य: दुसर्‍या. फॉन्ट दोन्ही सारखेच काढतो. माणसाला फरक दिसणं अशक्य, आणि शोधाला फरक न दिसणंही अशक्य. यादीचा तो भाग आधी कुणीतरी उच्चाराप्रमाणे टाइप होणाऱ्या कीबोर्डने भरला होता, आणि काकू इनस्क्रिप्टवाल्या.

तरी खात्री म्हणून जीडीबीमध्ये बघायचं ठरवलं, आणि तिथे नव्या माणसाला हमखास अडवणारा दगड आहे: ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण, लागतच नाही. कारणं दोन. एक, सॉफिस ही नुसती स्क्रिप्ट आहे; खरा प्रोग्राम सॉफिस डॉट बिन. त्याच प्रोफाइलवर आधीचं लिब्रेऑफिस उघडं असेल तर नवीन प्रोसेस आपलं काम त्याच्याकडे सोपवून निघून जाते आणि तुम्ही रिकाम्या घराबाहेर पहारा देत बसता. सगळं बंद करून मेक डीबगरन लावा, ते बरोबर प्रोग्राम पकडतं. दोन, कॅल्कची लायब्ररी पहिली स्प्रेडशीट उघडेपर्यंत चढतच नाही. म्हणून जीडीबी विचारतं की हे नाव आत्ता सापडत नाही, पुढे लायब्ररी चढल्यावर लावू का? तिथे आपोआप धरलेलं उत्तर "नाही" असतं. एंटर मारून पुढे जाऊ नका, वाय दाबा.

थांबायचं कुठे? मॉड्यूलची नावं प्रथमदर्शनी गूढ वाटतात, पण इतिहास माहीत असला की सोपी आहेत. हा कोड मुळात जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीच्या स्टारऑफिसचा. १९९९ मध्ये सनने कंपनी विकत घेतली, २००० मध्ये कोड ओपनऑफिस म्हणून खुला केला, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन होऊन लिब्रेऑफिस वेगळं झालं. म्हणून राइटर आजही एसडब्ल्यू, स्टारराइटर, कॅल्क एससी, ड्रॉ आणि इम्प्रेस एसडी. शोधाचं मूळ यंत्र मात्र सगळ्यांचं सामायिक आहे आणि आय१८एनपूल या मॉड्यूलमध्ये, सर्च फोल्डरातल्या टेक्स्टसर्च फाइलमध्ये राहतं. राइटर, कॅल्क, सगळे तिथूनच जातात.

तिथे थांबवलं आणि दोन्ही शब्द मेमरीत पाहिले. लिब्रेऑफिसची स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये असते, एकेका घरात एकेक चिन्ह. टाइप केलेला शब्द सात घरांचा: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. यादीतला आठ घरांचा, कारण ऱ च्या जागी र आणि हलन्तापुढे तो अदृश्य जोडक, २००डी. सात आणि आठ. इतके दिवस जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते तिथे बोट ठेवून दाखवता येत होतं.

मग हा बग की नाही? याच जातीची एक तक्रार आहे जी नक्की बग नाही: "माझा ल आणि श हिंदीसारखा दिसतो." ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे तो मजकुराची भाषा बघून वळण निवडतो, आणि राइटर ती भाषा फॉन्टच्या यंत्रणेपर्यंत पोचवतो. मजकुरावर हिंदी असा शिक्का असेल तर हिंदी वळण येणार. खालच्या पट्टीवर भाषा मराठी करा, संपलं. ऱ चं तसं नाही. वापरणाऱ्याने काही चुकीचं केलेलं नाही, सेटिंगही नाही. आणि कोडमध्ये पूर्वउदाहरण आहे: अरबीत अक्षरं ताणायला वापरतात ती कशिदा शोधताना दुर्लक्षित करायची सोय कुणीतरी आधीच करून ठेवली आहे, त्याच आय१८एनपूलच्या ट्रान्सलिटरेशन फोल्डरात. तुलनेआधी दोन्ही बाजूंच्या मजकुरातून कशिदा काढून टाकायची, एवढंच तिचं काम. त्याच धर्तीवर र-हलन्त-जोडकाचं ऱ-हलन्त करून घेतलं तर काकूंचा शब्द सापडेल. ती फाइल समोर ठेवूनच मी माझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहायला घेतला.

पॅच पाठवण्याबद्दल थोडंच. लॉगेरिट नावाची स्क्रिप्ट पॅच तपासले जातात त्या गेरिटची जोडणी करून देते. कमिटच्या पहिल्या ओळीत टीडीएफ आणि बगचा क्रमांक. पहिल्यांदा पाठवताना आपलं काम प्रकल्पाच्या परवान्यांखाली वापरता येईल असं एका ईमेलने कळवावं लागतं. ते राहिलं तर पॅच चांगला असूनही पडून राहतो. आणि पॅच आपोआप बिल्ड करून बघणाऱ्या जेनकिन्सने उणे एक दिलं तर मनाला लावून घेऊ नका. त्याची लिंक उघडा आणि परत तेच: खाली नाही, वर जाऊन पहिली एरर.

काकूंना पॅच पोचेपर्यंत थांबवणं बरं दिसलं नसतं. शोधा-बदलाच्या खिडकीत रेग्युलर एक्सप्रेशन चालू केलं, बॅकस्लॅश यू लावून ०९३०, ०९४डी आणि २००डी हे तीन आकडे दिले, बदली म्हणून ऱ आणि हलन्त, आणि "सगळे बदला". काकूंनी पुन्हा "दुसऱ्या" शोधलं. सापडलं, पुढचं, त्याच्या पुढचं. एक नोंद मात्र तशीच राहिली.

तिथे आल्ट-एक्स दाबून पाहिलं. साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. युनिकोडच्या हिशोबाने र आणि नुक्ता मिळून ऱ च होतो, त्यामुळे तिसरी तऱ्हाही वैधच. घरं मोजली, आठ. पॅचमध्ये ही तिसरी तऱ्हा मी धरलीच नव्हती. तो आता माझ्याच डिस्कवर आहे, तीन तऱ्हांची टेस्ट लिहून होईपर्यंत.